कॉम्प्युटर ग्राफिक्स असाइनमेंटचे नियम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तिसऱ्या वर्षाच्या कॉम्प्युटर ग्राफिक्स विषयाला सहा असाइनमेंट आणि एक प्रोजेक्ट असतो. जुलैमध्ये पहिलं प्रॅक्टिकल झालं की लॅबच्या दारात, कॅन्टीनमध्ये, कधी सांगलीतल्या विश्रामबागच्या चौकात गाठून मुलं मला तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत. नियमामागचं कारण कळलं तर तो पाळणं सोपं जातं, म्हणून जमेल तिथे कारणही सांगितलं आहे.

मॅडम, प्रोग्राम चालतो, चित्र बरोबर येतं. तरी २० पैकी ९ च का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून सुरुवात इथून.

२० पैकी ६ गुण चित्राला, ४ गुण कोड नीट वाचता येतो का त्याला, आणि १० गुण तोंडीला आहेत. चित्र बघून मला एवढंच कळतं की चित्र आलं. ते का आलं हे तुम्हाला माहीत आहे का, हे फक्त तुमच्याशी बोलून कळतं. ग्राफिक्समध्ये हा धोका इतर विषयांपेक्षा मोठा आहे. डेटाबेसची क्वेरी चुकली तर उत्तर चुकतं आणि ते दिसतं. इथे मात्र दोन चुका एकमेकींना झाकतात आणि चित्र छान येतं. मॅट्रिक्सचा गुणाकार उलट्या क्रमाने केलेला असतो, पण वस्तू नेमकी मूळबिंदूवर असल्यामुळे फरक जाणवत नाही. पुढच्या असाइनमेंटमध्ये तीच वस्तू बाजूला सरकवली की ती स्वतःभोवती फिरायच्या ऐवजी सगळ्या पडद्यावर घिरट्या घालायला लागते, आणि मग रात्रभर चूक सापडत नाही.

तोंडी तुमच्याच मशीनवर, तुमच्याच कोडसमोर, दहा मिनिटं होते. मी एखादी ओळ बदलायला सांगते आणि रन करण्याआधी विचारते, आता काय दिसेल? ब्रेसनहॅमच्या (पिक्सेलची रेघ काढायच्या पद्धतीच्या) असाइनमेंटला कागद-पेन देते: (२, ३) पासून (९, ७) पर्यंत रेघ काढायची आहे, पहिला डिसिजन पॅरामीटर (पुढचा पिक्सेल सरळ घ्यायचा की तिरका हे ठरवणारा आकडा) किती? वायमधला फरक ४, एक्समधला ७, म्हणजे दोन चोक आठ वजा सात, एक. तो धन आहे, म्हणून पुढचा पिक्सेल तिरका, (३, ४). नंतर काय? इथपर्यंत सांगणाऱ्याने कोड स्वतः लिहिलाय याबद्दल मला शंका राहत नाही, मग त्याच्या वर्तुळात एखादा ठिपका कमी असला तरी चालेल.

तोंडी मराठीत दिली तर चालेल का?

हो. आणि यासाठी गुण कापले जात नाहीत.

काही वर्षांपूर्वी जत तालुक्यातून आलेला एक मुलगा झेड-बफरवरच्या (कुठली वस्तू पुढे आणि कुठली मागे हे ठरवायच्या पद्धतीवरच्या) प्रश्नाला दोन मिनिटं गप्प उभा होता. मी म्हटलं, मराठीत सांग. तो म्हणाला, "प्रत्येक पिक्सेल एक वही ठेवतो मॅडम. आत्तापर्यंत सगळ्यात जवळ कोण येऊन गेलं ते त्यात लिहिलेलं असतं. नवा आला तो त्याच्यापेक्षा जवळ असेल तरच रंग बदलायचा आणि वहीतला आकडाही बदलायचा." एड कॅटमल यांनी १९७४ च्या आपल्या प्रबंधात मांडलेली कल्पना यापेक्षा स्वच्छ शब्दांत मी त्या वर्षी कुणाकडून ऐकली नाही. आकडाही बदलायचा, हे त्याने आठवणीने सांगितलं. बहुतेक जण तेवढंच विसरतात.

बाहेरचे परीक्षक इंग्रजीत विचारू शकतात, म्हणून शेवटच्या दोन असाइनमेंटची तोंडी दोन्ही भाषांत घेते. आधी समजलेलं मराठीत सांगा, मग तेच इंग्रजीत. पाठ केलेलं इंग्रजी एका उलट्या प्रश्नाला कोसळतं, समजलेलं कोसळत नाही.

टर्बो सी आणि ग्राफिक्स डॉट एच वापरू का? सीनियर्सच्या जर्नलमध्ये तेच आहे.

नाही. सी प्लस प्लस आणि ओपनजीएल ही ग्राफिक्सची लायब्ररी, आवृत्ती ३.३, कोअर प्रोफाइल (म्हणजे जुन्या पद्धती काढून टाकलेली). सोबत जीएलएफडब्ल्यू (विंडोसाठी), ग्लॅड (ओपनजीएलची फंक्शन मिळवायला) आणि जीएलएम (गणितासाठी), ही तिन्ही लॅबच्या मशीनवर आधीच घातलेली आहेत.

पहिल्या तीन असाइनमेंटना मात्र (रेघ आणि वर्तुळ, पॉलिगॉन भरणं, क्लिपिंग म्हणजे चौकटीबाहेरचा भाग कापणं) ओपनजीएलसुद्धा नाही. पिक्सेलचा एक ॲरे घ्यायचा, त्यात स्वतः रंग भरायचे आणि शेवटी पीपीएम फाइल लिहायची. ही फाइल इतकी साधी असते की नोटपॅडमध्ये उघडून लाल, हिरवा, निळा असे आकडे वाचता येतात. ठिपक्यांची रांगोळी काढताना कुठला ठिपका कुठल्याला जोडायचा हे ज्याला कळतं, त्याला हे तीन आठवडे जड जात नाहीत. लायब्ररीने रेघ काढून दिली तर ब्रेसनहॅम यांनी १९६२ मध्ये अपूर्णांकाशिवाय, फक्त पूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीने रेघ कशी काढली ते तुम्ही कधीच बघणार नाही.

चौथ्यापासून ओपनजीएल. बिगिन-एंडची (त्या दोन ओळींच्या मध्ये एकेक बिंदू देण्याची) जुनी पद्धत लिहिलेली दिसली तर तपासायला घेणार नाही. ती पद्धत २००८ साली ओपनजीएल ३.० आलं तेव्हाच कालबाह्य ठरवली गेली, तरी तिचा कोड अजून सगळीकडे पडलेला आहे. अर्धा जुना आणि अर्धा नवा जोडलेला प्रोग्राम कोअर प्रोफाइलमध्ये चालत नाही. अशा कोडवर शनिवार-रविवार घालवलेली मुलं सोमवारी रडवेली होऊन येतात.

माझ्याकडे लॅपटॉप नाही, किंवा जुना आहे.

लॅब रोज संध्याकाळी ७ पर्यंत उघडी असते आणि सगळ्या असाइनमेंट तिथे पूर्ण होतात. जुन्या लॅपटॉपवर उबंटू असेल तर मेसा या लायब्ररीचा सॉफ्टवेअर रेंडरर ग्राफिक्स कार्डाशिवाय ओपनजीएल ३.३ चालवतो. हळू चालतो, पण चालतो. सेकंदाला किती फ्रेम येतात याला एकाही असाइनमेंटमध्ये गुण नाहीत.

मॅक असेल तर: ॲपलने २०१८ मध्ये ओपनजीएल कालबाह्य जाहीर केलं आणि त्यांच्याकडे आवृत्ती ४.१ वर थांबली, पण ३.३ चालतं. विंडो बनवताना फॉरवर्ड-कंपॅटिबल हा पर्याय चालू करायला विसरू नका.

शेवटी प्रोग्राम लॅबच्या उबंटू मशीनवर कंपाइल झाला पाहिजे. "माझ्या घरी चालत होता" यावर मी विश्वास ठेवते, पण गुण लॅबच्या मशीनवर पडतात. एक दिवस आधी येऊन बघून जा.

मुदत शुक्रवारी संध्याकाळी ५ ची का? बाकी विषयांना रात्री १२ पर्यंत असते.

तुमच्यातले निम्मे पलूस, तासगाव, इस्लामपूर, कवठेमहांकाळहून एसटीने नाहीतर रेल्वेने ये-जा करतात. रात्री १२ ची मुदत सांगलीत खोली घेऊन राहणाऱ्याच्या, घरात वायफाय असणाऱ्याच्या सोयीची आहे. गावात दोन दांड्यांची रेंज आणि मध्येच भारनियमन, अशात ४० एमबीची झिप चढवणाऱ्याच्या सोयीची नाही. पाच वाजता सगळे लॅबमध्ये असतात, तंत्रज्ञ हजर असतात, पोर्टल अडलं तर पेनड्राइव्हवर घेता येतं.

उशीर झाला तर?

सेमिस्टरला प्रत्येकाचे ६ राखीव दिवस. एका असाइनमेंटला जास्तीत जास्त २. कारण सांगायचं नाही, अर्ज नाही, पालकांचा फोन नाही. पोर्टल आपोआप मोजतं. ताप आला, बहिणीचं लग्न निघालं, ऑक्टोबर छाटणीला घरच्या द्राक्षबागेत माणसं मिळेनात, वडिलांनी बोलावून घेतलं, हे सगळं खरं असतं हे मला माहीत आहे. कुणाचं कारण मोठं आणि कुणाचं लहान हे ठरवायला मला बसवू नका.

राखीव दिवस संपले की दर दिवसाला २ गुण कमी. पाच दिवसांनंतर शून्य, पण टर्म वर्क पूर्ण व्हायला असाइनमेंट द्यावीच लागते. वाचलेल्या राखीव दिवसांना जादा गुण नाहीत.  मोठं आजारपण असेल, दवाखान्यात राहावं लागलं असेल, तर राखीव दिवसांचा हिशेब बाजूला. थेट भेटा, किंवा घरच्या कुणाला भेटायला सांगा.

पूर आला तर?

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांच्या इशारा पातळीला टेकली की त्या क्षणापासून सगळ्या मुदती थांबतात. सूचना निघायची वाट बघायची नाही, मला मेसेज करायचा नाही. पाणी ४० च्या खाली उतरल्यापासून सात दिवसांनी नवी मुदत सुरू होते. हा नियम सगळ्या वर्गाला लागू आहे, ज्यांच्या घराजवळ पाणी येत नाही त्यांनाही, कारण रस्ते सगळ्यांचेच बंद होतात.

ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी धोका पातळीच्या, म्हणजे ४५ फुटांच्या, कितीतरी वर जाऊन ५७ फूट ओलांडून गेलं. त्या आठवड्यात माझ्या वर्गातली दोन मुलं घरच्यांसोबत गच्चीवर अडकली होती, आणि पोर्टलवर त्यांच्या नावापुढे लाल अक्षरांत "मुदत संपली" असं येत होतं. मुदत पुढे ढकलायचं माझ्या तीन दिवस लक्षातच आलं नाही. त्यातल्या एका मुलीने गच्चीवरून, उरलेल्या बॅटरीवर, मला माफीचा मेसेज पाठवला होता. तो मी अजून जपून ठेवला आहे. तेव्हापासून हा नियम लेखी आहे आणि माझ्या आठवणीवर अवलंबून नाही.

वारणाकाठच्या गावांत पाणी आधी शिरतं, तेव्हा आयर्विनचा आकडा कमीही असू शकतो. तिथल्या मुलांनी नंतर, सवडीने, फक्त गावाचं नाव कळवावं. लॅपटॉप किंवा वह्या पाण्यात गेल्या असतील तर लॅबमध्ये मशीन राखून मिळेल आणि आधी दिलेल्या असाइनमेंटच्या प्रती पोर्टलवरून काढून देऊ.

मित्राबरोबर चर्चा केली तर कॉपी होते का?

चर्चा करा, अगदी जोरात करा. कट्ट्यावर बसून कोहेन-सदरलँडच्या क्लिपिंगचे नऊ भाग काढा, एकमेकांना कोडी घाला. दोनच पथ्यं पाळा. चर्चेतला कागद सोबत न्यायचा नाही. आणि उठल्यापासून अर्धा तास तरी कोड लिहायला बसायचं नाही. चहा प्या, बस पकडा. अर्ध्या तासानंतर डोक्यात जे उरलं ते तुमचं.

मित्राची चूक शोधायला मदत करायची असेल तर शेजारी बसा, पण कीबोर्ड त्याच्या हातात हवा आणि तुमची स्वतःची फाइल बंद. त्याने रीडमीत (कोडसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) तुमचं नाव लिहायचं. मदत घेतल्याचं लिहिल्याने गुण कमी होत नाहीत, आजवर एकाचेही केलेले नाहीत.

एकमेकांची चित्रं बघायला पूर्ण मोकळीक आहे. कोड बघायला नाही.

सीनियरचा कोड, इंटरनेट, एआय?

सीनियरचा कोड: नाही. समजून घेण्यासाठीसुद्धा नाही. एकदा वाचलेला कोड हाताला वळण लावतो.

इंटरनेट: संकल्पना, गणित, फंक्शनची माहिती हवी तेवढी वाचा. आठ-दहा ओळींपेक्षा जास्त काही जसंच्या तसं घेतलं तर कुठून घेतलं ते कॉमेंटमध्ये लिहा. असाइनमेंटचा मूळ गाभा कुठूनही घ्यायचा नाही. पाचव्या असाइनमेंटमध्ये प्रकाशाचं सूत्र, सहाव्या असाइनमेंटमध्ये टेक्स्चरचं मॅपिंग (पृष्ठभागावर चित्र चिकटवणं), हे तुमच्या हातचंच पाहिजे.

एआयची साधनं: सहा असाइनमेंटमध्ये त्यांच्याकडून कोड लिहून घ्यायचा नाही. एरर मेसेजचा अर्थ विचारायला किंवा क्रॉस प्रॉडक्ट पुन्हा समजून घ्यायला हरकत नाही. प्रोजेक्टमध्ये विंडो उघडणं, मॉडेलची फाइल वाचणं अशा आजूबाजूच्या कामांना परवानगी आहे, रीडमीत काय काय करून घेतलं ते लिहायचं. हा नियम मी बराच विचार करून केला आहे. सहा असाइनमेंट मिळून काही शे ओळी होतात. त्या आयत्या मिळवणं सोपं आहे. पण नॉर्मलला (पृष्ठभागाशी काटकोन करणाऱ्या दिशेला) मॉडेलचा मॅट्रिक्स थेट का लावता येत नाही, एका दिशेने ताणलेल्या गोळ्यावर चकाकी भलतीकडे का जाते, आणि त्या मॅट्रिक्सचा इन्व्हर्स-ट्रान्सपोज (व्यस्त काढून ओळी-स्तंभ अदलाबदल केलेला) लावला की ती जागेवर का येते, हे एकदा स्वतः अडकल्याशिवाय पक्कं होत नाही. ते अडकणं मला तुमच्याकडून हिरावून घ्यायचं नाही.

कॉपी तुम्हाला कळते कशी?

सगळ्या फाइली मॉसमधून जातात. ॲलेक्स एकेन यांनी १९९४ मध्ये बनवलेली ही यंत्रणा कोडच्या रचनेचे ठसे जुळवते, त्यामुळे व्हेरिएबलची नावं बदलून, कॉमेंट काढून, ओळी वरखाली करून काही साधत नाही. पण बरेचदा त्याआधीच चित्रावरून लक्षात येतं. वर्तुळ आठ सारख्या तुकड्यांनी बनतं. एकदा चार जणांच्या वर्तुळात एकेक तुकडा नव्हता, आणि चौघांच्याही वर्तुळात तोच.

पहिल्या वेळी देणारा आणि घेणारा दोघांनाही त्या असाइनमेंटला शून्य. दुसऱ्या वेळी प्रकरण विभागाच्या समितीकडे जातं आणि टर्म वर्क अडू शकतं. "मी तर फक्त मदत केली" असं देणारा म्हणतो, आणि त्याच्या दृष्टीने ते खरंही असतं. पण त्याने मित्राचा एक आठवडा शिकण्यातून काढून घेतलेला असतो.

घाबरून कॉपी केली आणि नंतर मनाला खात राहिलं, असं होतं. मुदतीनंतर २४ तासांत स्वतःहून येऊन सांगितलं तर कुठेही नोंद होत नाही. पुन्हा स्वतः करून द्या, निम्म्यातून गुण मिळतील.

स्क्रीन काळीच राहते. काय करू?

या विषयातली सगळ्यात एकटं पाडणारी गोष्ट म्हणजे काळी स्क्रीन. एरर नाही, क्रॅश नाही, नुसता काळोख. मला विचारायला येण्याआधी पुढचं बघून या. रागावायचं म्हणून सांगत नाही, दहातल्या बहुतेकांचं उत्तर यातच असतं.

आधी पार्श्वभूमीचा रंग काळ्याऐवजी राखाडी करा. आता काळी वस्तू दिसली तर भूमिती ठीक आहे आणि घोळ प्रकाशात आहे: बहुधा नॉर्मल शून्य आहेत किंवा दिव्याची जागा शेडरपर्यंत (ग्राफिक्स कार्डावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामपर्यंत) पोचलीच नाही. काहीच दिसलं नाही तर शेडर कंपाइल झाल्याचा लॉग छापा. तो छापल्याशिवाय ओपनजीएल स्वतःहून तोंड उघडत नाही. मग फ्रॅगमेंट शेडरमधून (जो पिक्सेलचा रंग ठरवतो) सरळ लाल रंग बाहेर काढा. तरीही नाही? मग कॅमेरा वस्तूच्या पोटात आहे का, किंवा वस्तूकडे पाठ करून आहे का ते बघा. फेस कलिंग (पाठमोरे त्रिकोण गाळणं) बंद करून बघा, त्रिकोणांचा फेरा उलटा असेल तर ते सगळे गाळले जातात. दर फ्रेमला रंगाबरोबर डेप्थ बफरही (म्हणजे झेड-बफर) साफ करता का?

स्क्रीन काळी नाही पण दोन पृष्ठभाग एकमेकांतून लुकलुकत असतील, तर तुमची निअर प्लेन (ज्याच्या अलीकडचं काही काढलं जात नाही ती सीमा) खूप जवळ आहे. ती ०.००१ वर ठेवलेली असते आणि लांबची सीमा, फार प्लेन, १०,००० वर. डेप्थची जवळजवळ सगळी अचूकता डोळ्यापुढच्या बोटभर जागेत खर्च होते आणि लांबच्या वस्तूंना काही उरत नाही. निअर ०.१ करा, फरक लगेच दिसेल.

एवढं करून नाही जमलं तर नक्की या, आणि काय काय करून बघितलं ते लिहून आणा.

जर्नलमध्ये सगळा कोड हाताने लिहायचा का?

नाही. प्रत्येक असाइनमेंटचं एक पान: हाताने केलेलं एक उदाहरण, एक आकृती, आणि कुठे अडकलात ते चार ओळींत. दुसऱ्याचं जर्नल बघून उतरवू नका, झेरॉक्स लावू नका.

प्रोजेक्टला विषय काय घेऊ? दोघांत चालतो का?

दोघांत चालतो, तिघांत नाही. तोंडी दोघांची वेगवेगळी, आणि प्रश्न मुद्दाम जोडीदाराच्या भागावर.

विषय आजूबाजूला शोधा. मार्टिन न्यूएल यांनी १९७५ मध्ये युटाह विद्यापीठात आपल्या घरातली चहाची किटली कागदावर रेखाटून तिचे आकडे कॉम्प्युटरला दिले, आणि ती किटली जगभरच्या ग्राफिक्सवाल्यांची झाली. आपल्याकडे मिरजेचा तंबोरा आहे. भोपळ्याची बाहेरची कड एका वक्राने काढायची, ती अक्षाभोवती फिरवायची, की पृष्ठभाग तयार. मग खरा भोपळा तितका गोल नसतो हे लक्षात येतं, आणि प्रोजेक्ट तिथून रंगतदार होतो. एका जोडीने मार्केट यार्डातली हळद केली होती: एका बाजूला पॉलिश केलेली हळकुंडं, शेजारी हळदपूड, मागे पितळेचा तांब्या. भुकटीला चकाकी नाही, हळकुंडाला अंधूक, तांब्याला लखलखीत. फाँगच्या प्रकाशाच्या सूत्रातल्या चकाकीच्या भागाचं त्याहून चांगलं उदाहरण मला सुचलं नसतं.

प्रोजेक्टमध्ये मराठी अक्षरं दाखवायची आहेत. "क्षि" फुटून येतं.

येणारच. फ्रीटाइप ही फाँट वाचणारी लायब्ररी फक्त एकेका आकाराचं चित्र देते. देवनागरीत ह्रस्व वेलांटी मेमरीत व्यंजनानंतर असते आणि दिसते आधी. क, हलन्त आणि ष मिळून एकच आकार होतो. हे जुळवायचं काम हार्फबझ ही दुसरी लायब्ररी करते. आधी हार्फबझकडून आकारांचा क्रम आणि जागा घ्या, मग फ्रीटाइपकडून त्यांची चित्रं, मग टेक्स्चर. दोन आठवडे धरून चला. नीट जमलं तर ५ गुण जादा, आणि हे जादा गुण मी आनंदाने देते.

गुणांबद्दल तक्रार असेल तर?

गुण लागल्यापासून एका आठवड्यात, लेखी, नेमका कुठला गुण आणि का. मी सगळी असाइनमेंट पुन्हा बघते, त्यामुळे गुण वाढू शकतात आणि कमीही होऊ शकतात. माझी चूक निघाली तर सगळ्या वर्गाची ती असाइनमेंट पुन्हा तपासते.

मागच्या वर्षी टर्म वर्क राहिलं होतं. जुन्याच असाइनमेंट देऊ का?

तुमच्या स्वतःच्या असतील तर पहिल्या तीन चालतील, पण तोंडी पुन्हा होईल. चौथ्यापासून पुढे नव्याने.

सेमिस्टर संपल्यावर कोड गिटहबवर टाकू का?

प्रोजेक्ट जरूर टाका, नोकरीच्या मुलाखतीत तो दाखवायला उपयोगी पडतो. सहा असाइनमेंट मात्र प्रायव्हेट ठेवा. पुढच्या जुलैत तुमच्या जागी कुणीतरी बसलेलं असेल, आणि त्याला त्याची पहिली रेघ स्वतः काढायची असेल.